माती तेवढीच उरली

पहिल्या तासाला आम्ही काहीच शिकवलं नाही. पाचवीच्या प्रत्येक मुलाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: बी चिमटीत मावतं, त्याचं झालेलं झाड दोघांना उचलत नाही, मग हे मधलं वजन आलं कुठून? नाव घालायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. चिठ्ठ्या गोळा केल्या आणि व्हरांड्यात बसून वाचल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं 'मातीतून'. काहींनी 'खतातून', थोड्यांनी 'पाण्यातून'. एकाने झाडाचं चित्र काढून मुळांच्या टोकांना तोंडं दिली होती, दातांसकट. 'हवा' हा शब्द एकाही चिठ्ठीत नव्हता.

आम्ही सगळे वनस्पतिशास्त्राचे, पदवीच्या शेवटच्या वर्षाचे. शाळेत जाऊन काही आठवडे एक विषय शिकवायचा, हा आमच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प. आम्ही 'माती आणि रोपांची वाढ' घेतला तो सोपा म्हणूनच. मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली होती: मुलांना जे दाखवता येणार नाही ते सांगायला जाऊ नका. माती दिसते, रोप दिसतं, तेव्हा अट जाचक वाटली नव्हती. चिठ्ठ्या वाचल्यावर ती जाचक झाली. झाडाचं अंग मुख्यतः हवेतून आणि पाण्यातून घडतं, हे डोळ्यांना दाखवायचं कसं? गंमत म्हणजे 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द वर्गात जवळजवळ सगळ्यांना पाठ होता. विचारलं की व्याख्या धडाधड म्हणून दाखवायचे. पण ती व्याख्या म्हणणं आणि कुंडीतल्या रोपाकडे बघून ती आठवणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

म्हणून सगळ्यात वेळखाऊ प्रयोग आधी मांडला. कुंड्यांत मका लावायचा, पण माती मोजून. आता माती मोजणं ऐकायला सोपं आहे. ओली माती मोजली तर आपण पाणीही मोजतो, आणि उन्हात वाळवलेल्या मातीतही ओल राहतेच. आमच्या प्रयोगशाळेत मातीची ओल काढायला ती 105 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवतात, वजन घटायचं थांबेपर्यंत. तसंच केलं. मग प्रत्येक कुंडीत बरोबर दोन किलो कोरडी माती मुलांनी स्वतः तोलून भरली. एका कुंडीत बी लावायचं नाही, पण पाणी मात्र तेवढंच घालायचं, असं ठरवलं. 'त्या रिकाम्या कुंडीला पाणी कशाला?' हा प्रश्न रोज कुणीतरी विचारायचं. आम्ही रोज 'बघू' म्हणायचो.

मका वाढेपर्यंत माती हातात घ्यायला वेळ होता. मुलांना सांगितलं, कुठलीही माती आणा, दोन मुठी. आली ती पाहून आम्हीच चकित झालो: मैदानातली घट्ट पिवळट, झाडाखालची काळी भुसभुशीत, बांधकामाजवळची वाळूमिश्रित, ओढ्याच्या काठची गाळाची. झाकणाच्या उभट बरण्यांत एक तृतीयांश माती, वर पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, की कण एकमेकांना चिकटून राहू नयेत. मग झाकण लावून हात दुखेपर्यंत हलवायचं आणि बरणी ठेवून द्यायची. ठेवल्यावर पुन्हा कुणी हात लावायचा नाही, हे सांगणं सोपं, पाळून घेणं अवघड.

वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. तिच्यावर पोयट्याचे कण तास-दोन तासांत उतरतात. चिकणमातीचे कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असतात. कणांच्या आकाराचे आकडे आम्ही फळ्यावर लिहिले: वाळू 2 मिलिमीटरपासून 0.05 मिलिमीटरपर्यंत, पोयटा 0.05 ते 0.002, चिकण त्याहून बारीक. आकड्यांनी कुणावर काही परिणाम झाला नाही. झाला तो मैदानातल्या मातीच्या बरणीने. बाकीच्या बरण्यांतलं पाणी निवळलं तरी हिचं चहाच्या रंगाचं ते तसंच. ती आणणारी मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन बघून जायची. शेवटी तिच्याच हातात तुरटीचा खडा दिला आणि पाण्यात दोन-चार वेळा फिरवायला सांगितला. थोड्या वेळात पाण्यात बारीक बारीक पुंजके दिसायला लागले, जड होऊन खाली सरकायला लागले, आणि वरून पाणी निवळत आलं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतले ॲल्युमिनियमचे धन भार त्यांना जवळ आणतात. हे पाचवीत समजण्यासारखं आहे की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. माझं मत, समजतं. 'सारखे भार एकमेकांना ढकलतात' हे त्यांना फुग्याने केस उभे करून आधीच माहीत होतं. न समजण्यासारखं काही असलंच तर ते आमच्या सांगण्यात असतं.

मातीच्या बाबतीत सगळ्यात परिणामकारक ठरलं ते मात्र दुसरंच, आणि त्याला साहित्य म्हणून लागले दोन पेले. एका पेल्यात काठोकाठ कोरडी माती भरली. दुसऱ्यात तेवढंच पाणी. विचारलं, यातलं किती पाणी भरलेल्या पेल्यात मावेल? भरलेल्या पेल्यात आणखी काय मावणार, दोन चमचे, तीन चमचे. हळूहळू ओतत गेलो. बुडबुडे येत राहिले, माती काळी पडत गेली, आणि जवळजवळ निम्मा पेला पाणी आत गेलं तेव्हा कुठे ते वर आलं. वर्गात एकदम गलका. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा घन पदार्थांची असते, त्यात 45 टक्के खनिज कण आणि 5 टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय पदार्थ. उरलेली निम्मी पोकळी, पाण्याने आणि हवेने वाटून घेतलेली. हे वाक्य त्यानंतर सांगितलं तेव्हा ते सांगावंच लागलं नाही, असं झालं. बुडबुड्यांकडे बोट दाखवून एक मुलगा म्हणाला, 'ताई, म्हणजे मुळं तिथून श्वास घेतात.' मी होकार दिला.

त्याच दिवशी मैदानातलं एक ढेकूळ आणि झाडाखालचं एक ढेकूळ, दोन्ही सुकी, पाण्यात अलगद सोडली. मैदानातलं बघता बघता विरघळल्यासारखं पसरलं आणि पाणी गढूळ झालं. झाडाखालचं तसंच राहिलं, पाणी स्वच्छ. त्यातले कण बुरशीच्या तंतूंनी, मुळांच्या स्रावांनी, कुजलेल्या पाल्याच्या चिकट द्रव्यांनी बांधलेले असतात. पावसात कुठली माती वाहून जाईल, हे विचारायची गरज पडली नाही.

बियांचे प्रयोग आम्हाला वाटलं होतं चुटकीसरशी होतील. प्रत्येक शाळेत मूग कापसावर उगवतातच. आमचा भर एकाच गोष्टीवर होता: एका वेळी एकच बदल करायचा. एका वाटीत ओला कापूस, एकीत कोरडा, एकीत मूग पाण्यात पूर्ण बुडवलेले, एक वाटी ओल्या कापसाची पण फ्रीजमध्ये, आणि एक ओल्या कापसाची पण खोक्याखाली अंधारात. कोरड्यातले आहेत तसेच राहिले. फ्रीजमधले फुगले पण उगवेनात. बुडवलेले फुगले, काहींनी जेमतेम मोड काढला आणि मग वास यायला लागला, कारण बियांनाही प्राणवायू लागतो आणि साचलेल्या पाण्यात तो पुरेसा पोचत नाही. इथवर सगळं अंदाजाप्रमाणे.

खोकं उचललं आणि वर्ग आमच्या विरुद्ध गेला. अंधारातली रोपं उजेडातल्यांच्या दुप्पट उंच होती. पांढुरकी, काटकुळी, डोकं वाकवलेली, पण उंच. 'रोपांना वाढायला प्रकाश लागतो' हे पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं आणि समोर त्याच्या बरोबर उलट दिसत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, 'दादा, पुस्तकात चुकलंय.' आमच्यातला जो 'दादा' होता त्याने लगेच खडू उचलला. त्याला फळा दिसला की भाषण सुचतं. मी त्याला खुणेनेच थांबवलं आणि मुलांना विचारलं, वाढणं म्हणजे नेमकं काय झालं तर आपण वाढलं म्हणायचं?

त्यावर जी चर्चा झाली ती मला अजून आठवते. उंची, असं आधी सगळे म्हणाले. मग एक मुलगी म्हणाली की तिच्या भावाची उंची वाढली पण सगळे त्याला 'वाळला' म्हणतात. मग वजन. मग कुणीतरी म्हणालं, वजनात पाणीही येतं. हे आम्ही मातीच्या वेळी म्हटलं होतं, ते त्यांनी इथे लावलं. शेवटी ठरलं की वाळवून तोलायचं, आणि सुरुवातीला होत्या तेवढ्याच बियाही तोलायच्या. आमच्याकडे पेरताना राखून ठेवलेले तेवढेच मूग होते. रोपं ओव्हनमध्ये वाळवून आणली, प्रयोगशाळेतला बारीक तराजू शाळेत आणला. अंधारातल्या उंच रोपांचं कोरडं वजन पेरलेल्या बियांपेक्षाही कमी भरलं. उजेडातल्या बुटक्या रोपांचं बियांपेक्षा थोडं जास्त.

बी म्हणजे शिदोरी, ती दोन जाड बीजपत्रांत बांधलेली. अंधारातलं रोप ती शिदोरी खर्चून उजेड शोधायला उंच उंच जातं. पानं पसरत नाही, हरितद्रव्य करत बसत नाही, शेंडा आकड्यासारखा वाकवून ठेवतं की माती फोडताना कोवळं टोक झिजू नये. खर्च होतो आणि जमा काहीच नाही, म्हणून वजन घटतं. राहिलेली एक वाटी खोक्यातून काढून खिडकीत ठेवली, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा ती हिरवी होती. त्या हिरव्या रंगाची जेवढी चर्चा वर्गात झाली तेवढी आमच्या कुठल्याच तक्त्याची झाली नाही. पुस्तकातलं वाक्य चुकलं नव्हतं, पण त्यातल्या 'वाढ' शब्दाचा अर्थ मुलांनी आता स्वतः ठरवला होता.

मुळांचा प्रयोग मुलांनी आमच्या हातातून काढूनच घेतला. दोन काचांच्या मध्ये ओला टिपकागद, त्यावर वालाच्या बिया, काचा उभ्या. मूळ खाली येतं हे दिसल्यावर काचा एका अंगावर फिरवल्या. काही तासांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळायला लागलं. मग रोज कुणी ना कुणी काचा फिरवायचं, आणि शेवटी मूळ पायऱ्या पायऱ्यांचं झालं. मुळाच्या टोकाशी टोपीसारखा भाग असतो, त्यातल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. काच फिरवली की ते कण पेशीच्या नव्या तळाशी घरंगळतात आणि तिथून मुळाला खालचा पत्ता लागतो. टॉमस अँड्र्यू नाइट यांनी 1806 साली फिरत्या चाकावर बिया बांधून दाखवलं होतं की चाक जोरात फिरवलं तर मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेने जातात, म्हणजे मुळं ओढ ओळखतात, मग ती पृथ्वीची असो की चाकाची. हे ऐकल्यावर एकाने सायकलच्या चाकाला मूग बांधायचा बेत केला. तो तडीस गेला नाही, पण बेत शास्त्रशुद्ध होता.

या सगळ्यात वर्गाच्या बाईंची एक अडचण होती आणि ती खरी होती. वह्यांत काही उतरत नव्हतं. परीक्षेत प्रश्न येतात 'मातीचे प्रकार सांगा' आणि इथे मुलं मातीत पाणी ओतत बसलेली. मधला रस्ता असा निघाला की तासाच्या शेवटची दहा मिनिटं बाईंची. त्या दिवशी जे पाहिलं त्यातून पुस्तकातलं उत्तर मुलांनीच सांगायचं आणि बाईंनी फळ्यावर लिहायचं. आमच्यातल्या काहींना ही तडजोड वाटली. मला नाही. पुस्तकाची भाषा मुलांना लागणारच आहे, फक्त ती पाहिल्यानंतर आली तर ती कशाबद्दल आहे ते कळतं.

मका गुडघ्याच्या वर गेला तेव्हा मोजणीचा दिवस ठरवला. सगळ्यात किचकट काम मुळं सोडवण्याचं. मक्याची मुळं आणि त्यांवरचे केसांसारखे मूलरोम मातीचा कण न् कण धरून ठेवतात. मोठी परात, पाणी, बारीक चाळण, आणि हाताने चोळायचं नाही, नुसतं हलवायचं. परातीतलं गढूळ पाणी फेकायचं नाही, ती माती आहे, हे आम्ही दहा वेळा सांगितलं. ते पाणी निवळून, आटवून माती परत मिळवली. सगळी माती पुन्हा ओव्हनमध्ये.

एका कुंडीचे आकडे सांगते, कारण तेच वर्गात फळ्यावर होते. ताज्या रोपाचं वजन मुळांसकट 180 ग्रॅम. माती, जी 2000 ग्रॅम होती, ती 1994. रोप न लावलेल्या कुंडीतली माती 1996. मुलांनी आधी पहिले दोनच आकडे पाहिले आणि वर्गात शांतता झाली. 180 ग्रॅमचं रोप आणि माती घटली सहाच ग्रॅम. मग रिकाम्या कुंडीचा आकडा लिहिला आणि रोज विचारला जाणारा प्रश्न आपोआप सुटला: रोप नसतानाही माती चार ग्रॅम घटली होती, म्हणजे रोपाच्या नावावर उरले फक्त दोन. 'मग माती तेवढीच उरली की!' असं जो ओरडला, त्यानेच बहुधा मुळांना दात काढले होते. निदान त्याचे मित्र तसं म्हणत होते.

तेव्हा आम्ही त्यांना यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांची गोष्ट सांगितली. आधी मुद्दामच सांगितली नव्हती. आजच्या बेल्जियममधल्या या माणसाने भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती मोठ्या भांड्यात भरली, त्यात 5 पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. धूळ पडू नये म्हणून भोकं पाडलेल्या पत्र्याने भांडं झाकलं. पाच वर्षांनी झाड भरलं 169 पौंडांच्या वर, आणि वाळवलेली माती घटली होती साधारण 2 औंस. त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये हे छापलं गेलं. त्यांचा निष्कर्ष: लाकूड, साल, मुळं सगळं पाण्यापासून झालं.

वर्गाने हा निष्कर्ष एका आवाजात उचलून धरला. साहजिकच होतं. माती नाही, तर पाणीच. आपण दुसरं घातलंय काय? आम्ही वाळवलेलं मक्याचं रोप पुढे केलं. आता ते 20 ग्रॅम होतं, म्हणजे 160 ग्रॅम नुसतं पाणी होतं हे बरोबर. पण पाणी निघून गेल्यावर हे वीस ग्रॅम कडकडीत जे उरलंय ते काय आहे? जाळून पाहू, अशी सूचना मुलांचीच. अंगणात लोखंडी पळीत वाळक्या पानाचा तुकडा जाळून दाखवला, आणि उरलेलं रोप प्रयोगशाळेच्या भट्टीत जाळून त्याची राख आणली. पांढुरकी, फुंकर मारली तर उडेल एवढी. तोलली तर दोन ग्रॅमच्या आत. फळ्यावर मातीच्या नावावर दोन ग्रॅम लिहिलेले होतेच. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, सिलिका: मातीने दिलेलं ते राखेत राहिलं. आकडे एवढे जुळले यात थोडा योगायोग आहे. दोन किलोंत एक-दोन ग्रॅम म्हणजे आमच्या तराजूची आणि चाळणीची तेवढी लायकीच नव्हती, आणि दुसऱ्या एका कुंडीतली माती तुटून तिच्यातच राहिलेल्या मूलरोमांमुळे सुरुवातीपेक्षा जास्तच भरली. तेही मुलांना सांगितलं.

आणि बाकीचे अठरा ग्रॅम? ते धुरात गेले, हवेत गेले. जे जळून हवेत जातं ते आलंही हवेतून असेल का, इथपर्यंत वर्ग आला तेव्हा आम्ही श्वास रोखून उभे होतो. एक मुलगी म्हणाली, 'हवेला वजनच कुठे असतं?' पट्टी मधोमध दोऱ्याला टांगली, दोन्ही टोकांना सारखे फुगवलेले फुगे लावले, एकाला सुई टोचली. भरलेल्या फुग्याची बाजू खाली गेली. ठीक. मग दुसरी हरकत, आणि ही मला फार आवडली: हवेत कार्बन डायऑक्साइड असतो तरी किती? बाईंनी शिकवलेलं होतं, 0.04 टक्के. दहा हजारांत चार. एवढ्याशातून एवढं रोप?

ही बेरीज आम्ही वर्गातच केली. एक घनमीटर हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण पाऊण ग्रॅम, त्यातला नुसता कार्बन सुमारे 0.2 ग्रॅम. वाळक्या रोपात जवळपास 45 टक्के कार्बन, म्हणजे 20 ग्रॅममध्ये 9 ग्रॅम. 9 भागिले 0.2, उत्तर 45 घनमीटर. आता वर्ग मोजा. मीटरपट्टीने लांबी 7, रुंदी 6, उंची अंदाजे 3, 126 घनमीटर. म्हणजे वर्गात कोंडलेल्या हवेपैकी साधारण एक तृतीयांश हवेतला सगळा कार्बन एका मक्याच्या रोपाने उचलला. मुलं छताकडे बघायला लागली. त्यात एकाने शंका काढली की मग हवेतला संपत नाही का? त्याला त्याच्याच नाकासमोर हात धरायला सांगितला. आपण सोडतो त्या श्वासात तो 4 टक्क्यांच्या आसपास असतो, बाहेरच्या हवेच्या शंभरपट.

हवा पानात शिरते कुठून, हे दाखवायला मैत्रिणीची पारदर्शक नेलपॉलिश कामी आली. पानाच्या खालच्या बाजूला पातळ थर, वाळल्यावर चिकटपट्टीने अलगद उचलायचा, काचपट्टीवर चिकटवायचा. सूक्ष्मदर्शकात ओठांसारख्या दोन पेशी आणि मधली फट, अशी शेकडो पर्णरंध्रं. 'हीच तोंडं,' असं बघता बघता कुणीतरी म्हणून गेलं.

हेल्मोंट यांच्याबद्दल एक गोष्ट राहिलीच होती. त्यांनीच 62 पौंड कोळसा जाळून एक पौंड राख उरल्याचं नोंदवलं होतं आणि बाकीचा एका वायूच्या रूपाने निघून गेला हे ओळखलं होतं. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. झाडाचं कोडं सोडवणारी गोष्ट त्यांच्या हातात होती, फक्त दोन प्रयोग त्यांनी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. यान इंगेनहाउझ यांनी हिरवे भाग आणि प्रकाश यांचा संबंध दाखवला तो पुढे 1779 मध्ये. आम्ही त्यासाठी पेल्यात हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवून दिव्याजवळ आणि दिव्यापासून दूर बुडबुडे मोजले, पण तोवर मुलांचा उत्साह ओसरला होता आणि तो तास यथातथाच झाला. गाठींचा तास मात्र रंगला. वालाची रोपं उपटून मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापल्या तर आतून गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड असलेलं द्रव्य तिथे असतं, रायझोबियम जिवाणूंना हवेतला नायट्रोजन धरताना प्राणवायू बेताचाच मिळावा म्हणून.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा त्याच प्रश्नाच्या चिठ्ठ्या दिल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत हवा आली. काहींत अजून नुसती माती होती. प्रयोग पाहूनही जुनी कल्पना हटत नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. एका चिठ्ठीत लिहिलं होतं: 'पाणी खूप, हवा बरीच, माती राखेएवढी.'

पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी वही करून ठेवली आहे. त्यात पहिलंच: मका शाळा सुरू होताच लावा, नाहीतर मोजणी परीक्षेत अडकते. भरपूर शेणखत असलेली माती वजनाच्या प्रयोगाला घेऊ नका, सेंद्रिय पदार्थ कुजून माती आपणहून घटते. दिव्याचा प्रयोग फुग्याच्या आधी घ्या. रोप नसलेली कुंडी चार ग्रॅमनी का घटली, हा प्रश्न मुलांनी स्वतःकडे ठेवून घेतला आहे. पाण्याबरोबर तळाच्या भोकातून माती गेली, असं एका गटाचं म्हणणं. आतल्या किड्यांनी खाल्ली, असं दुसऱ्याचं. आता एका कुंडीत निव्वळ धुतलेली रेती आणि एकीत पालापाचोळ्याची माती, दोन्हींच्या भोकांना कापड बांधून, बाईंच्या कपाटावर ठेवल्या आहेत. पाण्याची पाळी कुणाची, याचा तक्ता मुलांनीच लावला आहे. सुट्टी संपली की तोलायच्या.